मांजराच्या अंगावरील पिसवा व गोचीड : सोसणाऱ्या औषधाची निवड

देगलूर तालुक्यात मृगाच्या सरी पडून हवेत दमटपणा आला आणि मातीच्या भिंती ओल धरू लागल्या की पिसवांचा हंगाम सुरू होतो. आषाढ-श्रावणात गोठ्यातील जनावरांवर गोचीड वाढतात, आणि त्याच सुमारास घरातील मांजर मान वळवून शेपटीचे मूळ दातांनी कुरतडू लागते. पुढे पोळा येतो. पोळ्याच्या आधी बैल धुवून त्यांच्या अंगावर गोचीडनाशक औषधाचे पाणी फवारण्याची पद्धत आता बहुतेक गावांत रूढ झाली आहे. फवारणी झाल्यावर बादलीच्या तळाशी थोडे पाणी शिल्लक राहते. ते फेकून देण्यापेक्षा ओट्यावर खाजवीत बसलेल्या मांजराच्या अंगाला चोळावे, असे घरातील कोणास तरी वाटते. हेतू चांगलाच असतो. परंतु काही तासांतच मांजराचे कान व पाय फडफडू लागतात, तोंडातून लाळ गळते, अंगाला झटके येतात, आणि पुष्कळदा ते दुसरा दिवस पाहत नाही. घरची माणसे म्हणतात की मांजराला पान लागले असावे. बादलीतील पाण्याचा संशय कोणासही येत नाही, कारण त्याच पाण्याने बैल ठणठणीत राहिलेले असतात.

बैलाला सोसलेले औषध मांजराला का सोसत नाही, हे प्रथम समजून घ्यावयास पाहिजे. गोचीडनाशक म्हणून जनावरांवर वापरली जाणारी डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन व परमेथ्रिन ही औषधे एकाच कुळातील आहेत. ती किडीच्या मज्जातंतूंवर परिणाम करतात. गाय, बैल, कुत्रा अथवा मनुष्य यांच्या शरीरात अशा औषधाचा अंश गेला, तर यकृत त्याचे विघटन करून ते मूत्रावाटे बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात या कामास लागणारे एक विकर फारच अपुरे असते. म्हणून औषध शरीरात साचून राहते आणि किडीच्या मज्जातंतूंवर जो परिणाम व्हावयाचा, तोच मांजराच्या मज्जातंतूंवर होतो. याच उणिवेमुळे माणसाला तापावर दिली जाणारी पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेऊ शकते. आजारी मांजराला माणसाच्या पेटीतील गोळी कुटून दुधात देण्याची जी सवय काही घरांत आहे, ती या कारणासाठी सर्वस्वी सोडावयास पाहिजे.

दुसरे कारण मांजराच्या जिभेत आहे. जागेपणीचा पुष्कळसा वेळ मांजर स्वतःचे अंग चाटण्यात घालविते. अंगावर जे काही लावावे, ते थोड्याफार प्रमाणात त्याच्या पोटात जाणारच, असे गृहीत धरून चालावे. बैलाच्या पाठीवरील औषध बैलाच्या पोटात जात नाही. शिवाय वजनाचा हिशेब आहेच. तीन किलोच्या मांजरावर आणि चारशे किलोच्या बैलावर एकाच बादलीतील पाणी ओतणे हा माप विसरण्याचा प्रकार होय.

तेव्हा पिसू अथवा गोचीड कशाने मरतो, हा प्रश्न येथे दुय्यम आहे. तो मारणारी औषधे पुष्कळ आहेत. त्यांपैकी मांजराचे यकृत व मांजराची जीभ यांना कोणते चालते, एवढे पाहूनच निवड करावी.

मांजराची एवढी काळजी कशासाठी, असे काही शेतकरी बंधूंना वाटेल. ज्या घरात बळदात वा कणगीत ज्वारी आहे, सोयाबीन व तुरीची पोती थप्पी लावून ठेवली आहेत, त्या घरातील गृहिणीला हे सांगावे लागत नाही. उंदीर जेवढे खातो त्याहून अधिक नासतो, आणि पोत्यांच्या थप्पीत विष ठेवणे धोक्याचे असते. मांजर हे काम बिनमजुरीने करते. मलेरियाच्या बंदोबस्तासाठी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारल्यावर मांजरे दगावल्याच्या व पाठोपाठ उंदीर माजल्याच्या नोंदी निरनिराळ्या उष्ण देशांत झालेल्या आहेत. १९६० साली बोर्निओ बेटावरील सारावाकमध्ये बारिओ नावाच्या दुर्गम भागात उंदरांच्या बंदोबस्तासाठी ब्रिटिश विमानदलाने पॅराशूटने मांजरे उतरविली होती. आपल्याकडे मांजर आकाशातून येणार नाही. असलेले सांभाळणे बरे.

कोणती औषधे मांजराला वर्ज्य

वर सांगितलेली मेथ्रिन कुळातील औषधे मांजराच्या अंगावर लावू नयेत, मग ती कितीही पातळ केलेली असोत. अमिट्राझ हे कुत्र्यांच्या व जनावरांच्या गोचिडांवर वापरले जाणारे औषध याहून वेगळ्या कुळातील आहे, परंतु तेही मांजराला लावू नये. त्याने मांजर सुस्त पडते, अंग गार होते व हृदयाची गती मंदावते. क्लोरपायरीफॉस, डायक्लोरव्हॉस आदी पिकांवरील औषधे तर या कामी मनातही आणू नयेत. गॅमॅक्सीनची पूड पूर्वी सर्रास वापरली जात असे. तिच्या मूळ द्रव्यावर, म्हणजे बीएचसीवर, देशात १९९७ पासून बंदी आहे. जुन्या घरात फळीवर तिची पुडी अजून सापडली, तर ती कोणत्याही प्राण्यावर वापरू नये.

यापुढची गोष्ट विशेष सावधगिरीची आहे. फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिड ही द्रव्ये मांजरासाठी बनविलेल्या औषधांत असतात आणि ती मांजराला सोसतात. हीच नावे कृषी सेवा केंद्रातील कापूस, सोयाबीन व मिरचीच्या औषधांच्या बाटल्यांवरही असतात. नाव एकच दिसल्यावर घरात शिल्लक असलेल्या बाटलीतील दोन थेंब मांजराला लावावेत, असा विचार हुशार शेतकऱ्याच्याच मनात प्रथम येतो. तो घातक आहे. पिकावरील औषधात द्रव्याचे प्रमाण निराळे असते, आणि ते पाण्यात मिसळावे, पानावर पसरावे व चिकटून राहावे यासाठी त्यात घातलेले इतर पदार्थ प्राण्याच्या कातडीसाठी वा पोटासाठी तपासलेले नसतात. औषध म्हणजे केवळ त्यातील मुख्य द्रव्य नव्हे.

तशीच फसगत कुत्र्याच्या औषधाने होते. मानेवर थेंब टाकण्याच्या कुत्र्यासाठीच्या काही नळ्यांत इमिडाक्लोप्रिडबरोबर परमेथ्रिनही असते. मांजराच्या व कुत्र्याच्या नळीचे वेष्टन वरवर सारखे दिसते. देगलूर हा तालुका तेलंगण व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या सीमेलगत असल्याने पलीकडच्या बाजारांतूनही औषधे येतात आणि त्यांवरील मजकूर पुष्कळदा मराठीत नसतो. वेष्टनावर मांजराचे चित्र व मांजरासाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर ते औषध घेऊ नये. मजकूर वाचता येत नसल्यास गावातील कार्यकर्त्याने तो वाचून द्यावा. हे त्याच्या कामाचाच भाग समजावे.

जनावरांच्या पाठीवर ओतावयाचे फ्लुमेथ्रिन हेही मेथ्रिन कुळातीलच आहे. मांजरांसाठी मिळणाऱ्या एका प्रकारच्या गळपट्ट्यात हे द्रव्य असते, ही गोष्ट खरी आहे. परंतु त्या पट्ट्यातून ते अत्यल्प प्रमाणात, महिनोन्‌महिने, हळूहळू सुटते. त्यावरून गोठ्यातील बाटली मांजराला चालेल असा निष्कर्ष काढणे चूक होय. आयव्हरमेक्टिनची जनावरांची सुईदेखील मांजराला टोचू नये. लहान जिवात तिचे माप चुकण्यास वेळ लागत नाही, आणि पिसवांवर तिचा भरवसाही नाही.

घरगुती उपायांविषयी

जुने ते निर्धोक, अशी एक समजूत आहे. मांजराच्या बाबतीत ती टिकत नाही. तंबाखूच्या पाण्यातील निकोटिन हे तीव्र विष आहे आणि मांजर ते चाटते. रॉकेलाने कातडी भाजते व ते चाटल्यास फुफ्फुसांत जाते. फिनाईल व डांबरगोळ्या यांतील द्रव्ये मांजराच्या यकृताला झेपत नाहीत. म्हणून फिनाईलने पुसलेली फरशी वाळेपर्यंत मांजराला तीवर फिरू देऊ नये. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर वापरण्याचा प्रघात मराठवाड्यात सर्वत्र आहे. ती डोळ्यात गेल्यास डोळ्याला गंभीर इजा होते, आणि मांजर तर अंगावरील पूड पंजाने थेट तोंडा-डोळ्याकडे नेते. कडुनिंबाविषयी आपल्याकडे मोठा आदर आहे व तो योग्यच आहे. तथापि निंबोळीचे तेल अंगाला चोळल्यावर मांजरांना विषबाधा झाल्याची उदाहरणे आढळली आहेत. हे तेल पिकासाठी राखून ठेवावे. लसूण वा कांदा खाऊ घातल्याने पिसवा पळतात असे सांगितले जाते. पिसवा पळत नाहीत, मात्र मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात.

घरगुती साधनांपैकी एक मात्र उत्तम आहे. ते म्हणजे बारीक दातांची फणी. मुलींच्या केसांतील उवा काढण्याची जी फणी प्रत्येक घरात असते, तशीच एक मांजरासाठी वेगळी ठेवावी. जवळ साबणाच्या पाण्याची वाटी घ्यावी. मान, पाठ, शेपटीचे मूळ व पोट या क्रमाने केसांच्या दिशेने फणी फिरवावी आणि दातांत अडकलेल्या पिसवा वाटीत बुडवाव्यात. साबणाच्या पाण्यात त्या बुडून मरतात, साध्या पाण्यातून उडी मारून निसटू शकतात. पहिल्या दिवशी मांजर दोन मिनिटे बसेल, चौथ्या दिवशी पाच. ते उठून जाऊ लागले की सोडून द्यावे, दाबून धरू नये. अन्नाच्या वेळेआधी फणी केली तर त्यास ती लवकर अंगवळणी पडते. गाभण भाटी, आजारी मांजर व अगदी लहान पिल्ले यांच्यासाठी हाच पहिला उपाय होय.

फणीत जिवंत पिसू सापडली नाही, तरी काळे कण सापडतात. ते ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवावेत. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचेच वाळलेले रक्त होय. डाग न पडल्यास ती साधी धूळ समजावी. उपचार आवश्यक आहे की नाही, हे ठरविण्यास ही परीक्षा पुरेशी आहे.

पिल्लांच्या बाबतीत उशीर करू नये. चारपाचशे ग्रॅमच्या पिल्लावर पुष्कळ पिसवा झाल्या, तर केवळ रक्तशोषणाने ते दगावते. पिल्लाचे ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात. गुलाबीऐवजी पांढुरक्या दिसल्यास ते पिल्लू त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

सोसणारी औषधे व ती लावण्याची रीत

मांजरासाठी मुद्दाम बनविलेली फिप्रोनिलची थेंब-नळी ही सर्वांत सहज मिळणारी होय. ती सामान्यतः आठ आठवड्यांहून मोठ्या व एक किलोहून अधिक वजनाच्या मांजराला लावतात. त्याहून लहान पिल्लांसाठी फिप्रोनिलचा पाव टक्के तीव्रतेचा फवारा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरता येतो. परंतु बहुतेक मांजरे फवाऱ्याच्या फुसकाऱ्याला बिथरतात. म्हणून तो हातमोजा घातलेल्या तळहातावर घेऊन हळुवार चोळावा. या फवाऱ्यात स्पिरिट असल्याने चुलीजवळ तो मुळीच वापरू नये. सेलामेक्टिनचे थेंब पिसवांबरोबर कानातील खरजेच्या किड्यांवर व काही जंतांवरही उपयोगी पडतात. इमिडाक्लोप्रिडचे मांजरासाठीचे थेंब पिसवांवर चांगले आहेत, पण एकट्याने ते गोचिडांवर चालत नाहीत. या औषधांचा खर्च दर महिन्याला येतो, ही अडचण खरी आहे. ज्यास तो परवडत नाही त्याने फणी व घराची स्वच्छता यांवर भर द्यावा. स्वस्त म्हणून गोठ्यातील बाटलीकडे मात्र वळू नये.

प्रथम वजन करावे. मांजर कापडी पिशवीत घालून ताणकाट्याला अडकविल्यास वा किराणा दुकानातील काट्यावर ठेवल्यास काम भागते. नंतर मांजराला गोणपाटात अथवा जुन्या लुगड्यात सैलसर गुंडाळून मांडीवर घ्यावे. मानेच्या मागे, कवटीच्या अगदी खाली, केस दोन्ही बाजूंना सारून कातडी दिसू द्यावी आणि थेंब कातडीवर सोडावेत. तेथे मांजराची जीभ पोहोचत नाही. खांद्यांच्या बरेच खाली लावलेले औषध ते चाटते. आधी व नंतर दोन दिवस अंग भिजवू नये. घरात दोन मांजरे असल्यास थेंब वाळेपर्यंत त्यांना निराळे ठेवावे, कारण ती एकमेकांस चाटतात. ज्या कुत्र्यावर वा जनावरावर मेथ्रिन औषध लावले असेल, त्याच्या अंगाशी मांजराला झोपू देऊ नये. वासराच्या उबेला गव्हाणीत निजणारी मांजरे पुष्कळ असतात. गोठ्यातील फवारणी पूर्ण वाळेपर्यंत अशी मांजरे घरात कोंडावीत.

औषधाची चव कडू असल्याने थोडेसे चाटले गेले तरी मांजर तोंडाला फेस आणते. हा फेस थोड्या वेळात थांबतो व मांजर पूर्ववत होते. तो पाहून घाबरू नये. लाळेबरोबर थरथर, लडखडणे अथवा झटके दिसले, तर मात्र ती विषबाधा समजावी.

गोचीड मांजरावर कमी आढळतात, कारण चाटण्यात ते निघून जातात. जे राहतात ते कानात, हनुवटीखाली व बोटांच्या बेचक्यांत असतात. तेथे चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावेत. त्यावर रॉकेल टाकू नये, उदबत्तीचा चटका देऊ नये. नखाने चिरडण्याची सवय तर सर्वच गोचिडांच्या बाबतीत सोडावी. २०११ साली गुजरातमध्ये उघडकीस आलेला क्रिमियन-कांगो रक्तस्रावी ताप जनावरांवरील गोचिडांतून माणसाला होतो, आणि चिरडलेल्या गोचिडाचे रक्त हाताच्या जखमेस लागणे हा त्याचा एक मार्ग आहे. काढलेले गोचीड साबणाच्या पाण्यात अथवा स्पिरिटात टाकावेत.

घरातील बंदोबस्त

पिसू मांजरावर जगते, पण वाढते घरात. एक मादी दिवसाला वीस ते पन्नास अंडी घालते व ती केसांतून घरंगळून जमिनीवर पडतात. अळ्या शहाबादी फरशीच्या सांध्यांत, सारवणाच्या भेगांत व पोत्यांखाली वाढतात आणि कोशात काही महिने दडून राहू शकतात. म्हणून एकदा औषध लावून पिसवा पुन्हा दिसल्या की औषध खोटे निघाले, असे समजू नये. मांजराच्या निजण्याचे गोणपाट आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात घालून कडक उन्हात वाळवावे. सांध्यांतील केर रोज काढून जाळावा. भेगा लिंपून घ्याव्यात. अळीला ओल व सावली लागते, आणि माळवदाच्या अंधाऱ्या खोलीत तिला दोन्ही मिळतात. पोती भिंतीपासून हातभर दूर फळ्यांवर रचल्यास तेथे झाडूही पोहोचतो आणि मांजरही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बीड जिल्ह्यातील मामला गावी १९९४ च्या ऑगस्टमध्ये घरांत पिसवा फार झाल्याची तक्रार आली होती, आणि पुढे तेथे गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. प्लेग पसरविणारी उंदरावरील पिसू निराळ्या जातीची असते. तरीही घरात उंदीर आपोआप मरून पडू लागले व पिसवा एकाएकी वाढल्या, तर मेलेल्या उंदरास हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळवावे. अशा वेळी उंदरांना विष घालण्याची घाई करू नये, कारण मेलेल्या उंदरावरील पिसवा माणसाकडे वळतात.

विषबाधा झाल्यास

चुकून मेथ्रिन औषध लागले आणि मांजर शुद्धीत असेल, तर कोमट पाणी व भांड्याचा साबण यांनी त्याचे अंग धुवावे. पाणी कढत नसावे, थंडगारही नसावे. नंतर कोरडे पुसून, कापडात गुंडाळून, अंधाऱ्या व शांत जागी ठेवावे आणि विलंब न करता पशुवैद्यकाकडे न्यावे. दूध, तूप, तेल अथवा मिठाचे पाणी पाजू नये. झटके येणाऱ्या मांजराच्या ते श्वासनलिकेत जाते. जाताना औषधाची बाटली बरोबर घ्यावी. क्लोरपायरीफॉससारख्या विषावर अॅट्रोपिन देतात, मेथ्रिनच्या विषावर स्नायूंचे झटके थांबविणारी औषधे देतात, आणि बाटली पाहिल्याखेरीज पशुवैद्यकाचा बहुमोल वेळ तर्कात जातो. वेळेवर उपचार मिळालेली मांजरे दोन-तीन दिवसांत सावरू शकतात. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना जवळ नसल्यास १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करावी. अवघड प्रसंगी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचाही मार्ग मोकळा आहे.

बैलांवरील फवारणीचे उरलेले पाणी विहीर, ओढा व नदी यांपासून दूर खड्ड्यात ओतून माती लोटावी आणि बादली त्या कामासाठीच निराळी ठेवावी. मांजराच्या औषधाची आठवण राहावी म्हणून अमावास्येचा हिशेब सोयीचा पडतो. पहिली नळी श्रावण अमावास्येच्या पोळ्याला, दुसरी सर्वपित्रीला आणि तिसरी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. तोपर्यंत पाऊस सरलेला असतो, आणि कोशांतून उशिरा निघालेल्या पिसवाही औषधाच्या टप्प्यात येऊन जातात.